इंजिनाचं आवरण: पत्रा की फायबर?

धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० मध्ये कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाच्या उड्डाणचाचण्या झाल्या. हे विमान त्यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलं होतं. अशा घरगुती विमानाच्या इंजिनाचं आवरण कशाचं असावं, या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत फ्रेड वाइक यांनी नीट घडवलेलं आवरण हवेचा अडथळा किती कमी करतं ते दाखवून दिलं. अशा आवरणांसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा रूढ झाला. १९७५ मध्ये उडालेल्या, बर्ट रुटान यांच्या व्हॅरीइझ विमानाने फोम आणि काचतंतूंचा, म्हणजे फायबरचा, मार्ग हौशी कारागिरांना खुला केला. बंगळूरच्या 'हंसा' विमानानेही १९९३ मध्ये तंतुमिश्रित ढाचा घेऊन उड्डाण केलं.

तरीही पत्रा मोडीत निघाला नाही, आणि ते योग्यच झालं. फायबर हलकं असतं आणि हवं तसं वळतं, हा पत्र्यावरचा आक्षेप विमानाच्या नाकाच्या दुहेरी वळणापुरता पूर्ण खरा आहे. तिथे पत्रा ठोकून आकार देणं फार अवघड. पण धुराड्याच्या नळीजवळ फायबरचे तंतू बांधणाऱ्या साध्या इपॉक्सीची ताकद ॲल्युमिनियमच्या कितीतरी आधी ढासळते. शिवाय तापीकाठच्या चाळीस अंशांच्या उन्हात उभ्या विमानाचं इंजिन बंद केल्यावर आतली उष्णता कोंडून राहते. पत्र्यावरची चीर बहुधा डोळ्यांना दिसते, फायबरचे सुटलेले थर आतच लपतात. म्हणून नाक फायबरचं आणि बाजूची झाकणं पत्र्याची, ही अनेक कारागिरांची जोडणी मला सर्वांत पटते.