छंदाचे प्रदर्शन

शाळेच्या स्नेहसंमेलनात वर्गातली बाके सरकवून त्यांवर मुलांनी जमवलेली पोस्टाची तिकिटे, जुने ढब्बू पैसे, मातीची खेळणी, भरतकामाचे रुमाल मांडलेले आपण पाहिले असतील. ही चाल आजची नव्हे. मात्र आपल्या भागात प्रदर्शनाची मोठी हौस प्रथम केली ती सरकारने.

१८६५ च्या डिसेंबरात नागपूरला कला, कारागिरी आणि शेतमाल यांचे प्रदर्शन भरले. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि रिचर्ड टेंपल हे चीफ कमिशनर होते. या मुलखात काय पिकते, काय विणले जाते, हे साहेबाला पाहायचे होते. नागपुरात १८६३ साली संग्रहालयही निघाले होते. लोकांनी त्याला नाव दिले 'अजब बंगला'. वस्तू बऱ्याचशा आपल्याच मुलखातल्या, पण लोक गेले ते अजब काही पाहायला!

खरे छंदिष्ट म्हणावेत तर स्टीफन हिस्लॉप. काम मिशनरी-मास्तरकीचे, नाद मात्र जीवाश्मांचा आणि जुन्या शिळावर्तुळांचा. त्या नादापायीच ते १८६३ मध्ये टाकळघाटला गेले आणि परतताना नाल्याच्या पुरात बुडाले.

पुढे १८७० मध्ये शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरिया गावी, गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीत पुरलेला ठेवा दिसला. तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे! सापडले गुराख्यांना, आणि त्यांतले काही जाऊन पोचले थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये.

वारे फिरले ते गांधीजींमुळे. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच सामानातून तिथली सजावट केली, आणि ग्रामोद्योगाचे प्रदर्शन मांडले गेले. मग ३० डिसेंबर १९३८ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. तिथे चरखा नि घाणी पाहणारा शेतकरी 'अजब' काय म्हणणार? ती त्याच्या घरातलीच वस्तू.

आमच्या भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध, पवनीचे विणकरही नावाजलेले. पण शाळेच्या प्रदर्शनात चिठ्ठीवर नुसते 'जुनी घागर' असे लिहिलेले असते. कोणाच्या घरची, कोणत्या गावी घडवलेली, किती पिढ्या वापरलेली, हे सांगणारी आजी कित्येकदा त्याच वर्गात उभी असते, आणि तिला कोणी विचारत नाही.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी विचारले. घरचे चष्म्यांचे दुकान, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. त्यांनी दिवे, अडकित्ते, कुलुपे, फण्या अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या, वर्षानुवर्षे, स्वतःच्या खर्चाने. पुढे हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहालयाला नाव आहे ते त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे.