टोपीच्या डब्यातलं विरजण

माहेराहून काय आणलंत, असं कुणी विचारलं की आमची आजी दागिन्यांच्या आधी विरजण सांगायची. भीमेकाठच्या वडगाव रासाईला ती नांदायला आली ती मांडीवर दह्याचं लोटकं घेऊन. बैलगाडीचा रस्ता, वैशाखाचं ऊन. लोटक्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. नवरी उन्हात, विरजण सावलीत!

ही बढाई म्हणून मी सोडून दिली होती. पुढे डेन्मार्कच्या याकोबसेनची हकीकत वाचली आणि मनातल्या मनात आजीचे पाय धरले. या गृहस्थानं १८४५ साली म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यातून बियरचं किण्व, म्हणजे यीस्ट, कोपनहेगनला नेलं. टोपीच्या डब्यात! घोडागाडी थांबेल तिथे उतरून डब्यावर गार पाणी ओतायचं, असं सांगतात. दह्यातले जंतू वेगळे, किण्व वेगळं; पण सांभाळायची रीत एकच. गार ठेवा, वेळेवर खाऊ घाला आणि परका पाहुणा आत शिरू देऊ नका.

‘किण्व’ हा शब्द शास्त्राच्या मास्तरांनी घडवला असावा, अशी माझी समजूत. तो निघाला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात! उडीद-तांदळाचं किण्व कसं करावं, हे तिथे मापासकट दिलंय. शिवाय घरच्या कार्याला कुटुंबवत्सल मंडळींना पांढरी सुरा करायची मुभा, जत्रा-उत्सवाला चार दिवसांची मोकळीक. आपला १९४९ चा दारूबंदी कायदा एवढा दिलदार नाही, म्हणून आम्ही दह्यावर भागवतो.

१८८३ साली याकोबसेनच्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेननं एकेक पेशी वेगळी करून किण्वाचा शुद्ध वाण वाढवला. दुसऱ्या कुणी तो तिजोरीत ठेवला असता. याकोबसेननं तो इतर कारखानदारांना देऊन टाकला.

आजीचं आणि शेजारच्या चुलतजावेचं बांधावरून वाकडं. बोलणं बंद, पण विरजणाची वाटी पोरांच्या हातून चालू. फक्त तिन्हीसांजेला द्यायची नाही, हा नेम. एकदा मांजरानं आमचं लोटकं उपडं केलं. चाळीस वर्षांचं माहेर जमिनीवर! आजी तोंडाला पदर लावून बसली. दिवेलागणीला जाऊ नेम मोडून स्वतः वाटी घेऊन आली. म्हणाली, “घ्या जाऊबाई, तुमचंच हाय.”

बांधाचा दावा पुढेही चालला. पण त्या रात्रीपुरतं भांडणावर विरजण पडलं. लोक हा वाक्प्रचार वाईट अर्थानं का वापरतात, कोण जाणे!