पाचूबंदर व किल्लाबंदर : किल्ल्याच्या पायथ्याचे कोळीवाडे

वसईचा किल्ला पाहावयास येणारे बहुतेक पर्यटक भग्न चर्चवास्तू पाहून परत फिरतात. तटाबाहेर वसई खाडीच्या मुखाशी वसलेले पाचूबंदर व किल्लाबंदर हे कोळीवाडे मात्र त्यांच्या नजरेतून सुटतात. किल्ला हा आपला गतेतिहास आहे, तर हे कोळीवाडे जिवंत इतिहास आहेत, असे आम्हांस वाटते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढे संत फ्रान्सिस झेवियर यांचे येथे आगमन झाले. फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरूंनी केलेल्या कार्यातून या किनारपट्टीवरील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला, १७८० मध्ये तो इंग्रजांनी घेतला. सत्ता बदलल्या, मठ ओस पडले. परंतु कोळी बांधवांनी आपली भाषा, व्यवसाय आणि श्रद्धा सोडली नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताच्या जडणघडणीत या दर्यावर्दी समाजाचा वाटा मोठा आहे.

मासेमारी आणि सुकवणी

येथील पारंपरिक पद्धत डोल जाळ्याची. शंकूच्या आकाराचे हे जाळे समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी आपोआप त्यात शिरते. बोंबील, जवळा, करंदी हे त्यातील प्रमुख उत्पन्न. बोंबलात पाण्याचा अंश फार असल्याने तो लवकर नासतो. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या मांडवावर उन्हात वाळवतात. निवडणे, वाळवणे व बाजारात विकणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. घराचा आर्थिक कणा त्याच आहेत, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

सण आणि दर्शनीय स्थळे

२९ जून हा मच्छीमारांचे आश्रयदाते संत पेत्र यांचा सण १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात येतो. होड्या किनाऱ्यावर आणि कुटुंबे घरी असल्याने प्रार्थनेस व जाळी विणण्यास उसंत मिळते. अभ्यागतांनी सायंकाळी बंदरावर परतणाऱ्या होड्या व वाळवणीचे मांडव अवश्य पाहावेत. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी. वसई रोड स्थानकापासून बस व रिक्षा मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदरहून रो-रो फेरीसेवाही सुरू झाली.

आजचे आव्हान

मासळी घटत आहे, डिझेलचा खर्च वाढला आहे, वाळवणीच्या मोकळ्या जागा आक्रसत आहेत. शिकलेली मुले नोकरीकडे वळतात, त्यात गैर काही नाही. परंतु किनाऱ्यावरील जागा एकदा गेली की व्यवसाय परत उभा राहत नाही. दगडी किल्ल्यास कायद्याचे संरक्षण आहे. वाळवणीच्या जागेलाही तसेच संरक्षण मिळावे, यासाठी आपण सर्वांनी कोळी बांधवांच्या पाठीशी उभे राहणे आवश्यक आहे.