प्रेम, तपास आणि वास्तव

प्रेमकथा आणि गुन्ह्याचा तपास यांची सांगड घालणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांत पोलीस अधिकारी हे लोकप्रिय पात्र आहे. नोरा रॉबर्ट्स यांनी जे. डी. रॉब या टोपणनावाने लिहिलेली ‘नेकेड इन डेथ’ (१९९५) ही त्यांपैकीच एक. तिच्यात २०५८ मधील न्यूयॉर्कची पोलीस लेफ्टनंट ईव्ह डॅलस खुनातील संशयित रोर्क याच्याच प्रेमात पडते. कथा भविष्यातील असल्याने कल्पित यंत्रे वाचकाला खटकत नाहीत. हितसंबंधांचा प्रश्न मात्र टळत नाही. प्रत्यक्षात अशा अधिकाऱ्याकडून तपास काढून घेतला जाऊ शकतो. बचाव पक्ष त्याच्या निःपक्षपातीपणावर बोट ठेवतो आणि खटला कमकुवत होतो. ही जोखीम कथेत जाणवली, तरच प्रेम आणि रहस्य दोन्ही विश्वसनीय ठरतात.