दिल्लीचा दरबार आणि दख्खनचा दुष्काळ

१ जानेवारी १८७७ ही तारीख शालेय इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा आढळते. त्या दिवशी दिल्लीस दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणीने 'कैसर-इ-हिंद' ही पदवी धारण केल्याची द्वाही फिरली. त्याच दिवशी सोलापूर, कलादगी, बेळगाव, धारवाड ह्या जिल्ह्यांत, निजामाच्या मुलखात, म्हैसुरात आणि मद्रास इलाख्यात असंख्य माणसे अन्नान्न करीत हिंडत होती. ही गोष्ट मात्र पुस्तकात येते ती निराळ्या प्रकरणात, निराळ्या पानावर. एकाच काळाच्या ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग कशा पडल्या, ह्याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. राज्यकर्ते आणि वृत्तपत्रे लोकांचे लक्ष खऱ्या प्रश्नावरून कशी उडवितात, ह्या नेहमीच्या जिज्ञासेचे उत्तर त्यात पुष्कळसे सापडते, असे आम्हांस वाटते.

प्रारंभीच एक खुलासा करणे न्यायाचे होईल. दुष्काळ झाकण्यासाठी दरबार योजिला होता, असे म्हणता येणार नाही. राणीच्या नव्या पदवीचा कायदा इंग्लंडच्या पार्लमेंटात १८७६ च्या वसंतात संमत झाला. पाऊस दगा देणार हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा हेतूचा आरोप आम्ही करीत नाही. परंतु दुष्काळाचे स्वरूप स्पष्ट झाल्यावरही दरबार ठरल्याप्रमाणे आणि ठरल्या थाटाने पार पडला, येथे जबाबदारी सुरू होते. इतिहासात पुष्कळ वेळा हेतूपेक्षा हा निश्चयच अधिक बोलका असतो.

त्या निश्चयामागची विचारसरणी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पत्रव्यवहारात उघड दिसते. हिंदुस्थानातील शेतकरीवर्ग हा राजकीयदृष्ट्या जड, अचेतन असा समुदाय आहे; तो हललाच तर आपल्या राजेरजवाड्यांच्या मागे हलेल; तेव्हा राजे हाती ठेवावेत म्हणजे झाले, असा त्यांचा सिद्धान्त होता. पूर्वेकडे जावे तसतसे रंगीत पताकांचे मोल वाढत जाते, असाही त्यांचा समज होता. ज्या राज्यकर्त्याच्या लेखी शेतकरी म्हणजे अचेतन समुदाय, त्याला त्या समुदायाची उपासमार पताकांच्या आड आली तर फारसे वावगे वाटू नये, हे त्या सिद्धान्ताला धरूनच झाले.

२३ डिसेंबर १८७६ रोजी व्हाइसरॉय दिल्लीत आले आणि हत्तींची मिरवणूक निघाली. पुढे पंधरवडाभर भेटी, नजराणे, मेजवान्या यांची गर्दी उडाली. दरबारास ६३ संस्थानिक हजर होते. शिंदे होते, होळकर होते. तेरा वर्षांचे सयाजीराव गायकवाड होते. आणि अवघ्या दहा वर्षांचे निजाम महबूब अली खान यांना घेऊन सर सालारजंग आले होते. राजांना त्यांच्या नावाची रेशमी निशाणे मिळाली, तोफांच्या सलाम्यांचे हिशेब झाले, कोणाचे आसन कोठे ह्याची चर्चा झाली. द्वाही प्रथम इंग्रजीत व मग उर्दूत वाचण्यात आली. ज्या मुलखांत दुष्काळ होता, तेथील मराठी, कानडी, तेलुगू व तमिळ ह्या भाषांना त्या मंडपात स्थान नव्हते. दुष्काळग्रस्त अशा मुंबई व मद्रास ह्या दोन्ही इलाख्यांचे गव्हर्नरही ह्याच समारंभासाठी आपापले इलाखे सोडून दिल्लीस गेले होते.

दुष्काळाविषयीचे निर्णयही त्याच दिल्लीत ठरले. सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी प्रांतांत पाठविण्यात आले. ह्याच टेंपलसाहेबांनी १८७४ साली बिहारात ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवून माणसे वाचविली होती, आणि फार पैसा उधळला म्हणून दोषही पत्करला होता. आता काटकसरीचा हुकूम घेऊन ते आले, आणि सरकारी कामावर दिवसभर खपणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे, एवढीच मजुरी त्यांनी पुरेशी ठरविली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर देह टिकणार नाही असे बजावले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. अचेतन म्हटलेला समुदाय येथे हलला; पण त्याच्यासाठी तोफा झाल्या नाहीत. १८७८ पर्यंत चाललेल्या ह्या दुष्काळात एकट्या इंग्रजी मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. तेलुगू मुलखात धाता संवत्सराचा दुष्काळ म्हणून त्याची आठवण राहिली.

आता वृत्तपत्रांकडे वळू. दुष्काळाची बातमी दडपली गेली होती काय? मुळीच नाही. ती छापून येत होती, आणि दुष्काळाच्या वर्षी हा खर्च कशाला असे विचारणारी देशी पत्रेही होती. लक्ष उडविण्यासाठी बातमी दडपावीच लागते, ही समजूत चुकीची आहे. तिचा क्रम बदलला तरी पुरते. दरबारास संपादक सरकारचे पाहुणे म्हणून बोलाविलेले होते. त्यांच्यासाठी तंबू होते. समारंभाला तारीख असते, वेळ असते, प्रमुख पुरुष असतात. त्याचे वर्णन तारेने त्याच दिवशी पाठविता येते. दुष्काळाला तारीख नसते. तो रोज थोडा थोडा घडतो, दूरच्या तालुक्यात घडतो, आणि मरणारा माणूस कोणाचा परिचित नसतो. तेव्हा दरबार झाला घटना, आणि दुष्काळ झाला परिस्थिती. घटना पहिल्या पानावर गेली आणि परिस्थिती आत राहिली.

हाच भेद पुढे ग्रंथांतून व चित्रांतून कायम झाला. दरबाराचा सरकारी इतिहास टॅलबॉइज व्हीलर यांनी लिहिला व तो त्याच वर्षी निघाला. दरबाराचे भव्य चित्र राणीला नजर करण्यासाठी व्हॅल प्रिन्सेप ह्या चित्रकाराकडून काढविण्यात आले. दुष्काळाचा विस्तृत वृत्तान्त दुसऱ्या वर्षी लिहिला तो मद्रासेतील संपादक विल्यम डिग्बी यांनी. आणि हाडांचे सापळे झालेल्या माणसांची हूपर यांनी घेतलेली छायाचित्रे तेवढी मागे राहिली. त्यांच्यासाठी राजवाड्यात भिंत नव्हती.

परंतु क्रम बदलण्याची युक्ती कायमची पुरत नाही. ह्याच लिटनशाहीत 'प्रेस कमिशनर' हे नवे पद निर्माण होऊन त्यावर रोपर लेथब्रिज यांची नेमणूक झाली. वर्तमानपत्रांना सरकारी बातम्या पुरविणे हे त्यांचे काम. आणि १४ मार्च १८७८ रोजी, एकाच बैठकीत, देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा संमत झाला. मुद्रकाकडून जामीन घ्यावा, प्रसंगी छापखाना जप्त करावा, आणि त्यावर न्यायालयात दाद असू नये, असा तो कायदा. तो इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. म्हणून 'अमृत बझार पत्रिका' रातोरात इंग्रजीत निघू लागली, हे प्रसिद्धच आहे. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या अमदानीत तो कायदा रद्द झाला. प्रथम पाहुणचार, मग तयार बातमी, मग बेडी, ही परंपरा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बेडी घालावी लागते ती पहिल्या दोन उपायांनी भागले नाही म्हणून. त्या अर्थी तो कायदा देशी पत्रांच्या जागरूकतेचे प्रशस्तिपत्रच होय.

ह्या झगमगाटाला उत्तर दिले ते कोणी आणि कसे? पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झालेली. तिने मोठा गाजावाजा केला नाही. दुष्काळी भागांत माणसे धाडून तिने माहिती मिळविली, मजुरी किती, धान्याचा भाव काय, किती लोक गाव सोडून गेले ह्याची टिपणे केली, आणि पत्रांमागून पत्रे सरकारकडे रवाना केली. आमच्या मते हे फार मोठे राजकीय कार्य होते. कारण त्यामुळे परिस्थितीला आकडे मिळाले, आणि आकड्याला उत्तर द्यावे लागते. सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे लोकांचे सार्वजनिक काका, दिल्लीस गेले ते हातच्या सुताची खादी नेसून. राणीच्या ब्रिटिश प्रजेला जो राजकीय दर्जा आहे तोच हिंदी प्रजेला द्यावा, अशी मागणी सभेच्या मानपत्रात होती. रेशमी निशाणांच्या गर्दीत ती खादी सभ्य, पण स्पष्ट नकार बोलत होती. 'हिंदू पेट्रिअट'चे बातमीदार म्हणून सुरेंद्रनाथ बॅनर्जीही तेथे होते. राजे असे एका मंडपात जमविता येतात, तर प्रजेचे प्रतिनिधी का जमविता येऊ नयेत, हा विचार त्या दृश्यातूनच सुचला असे पुढे सांगण्यात आले. पुण्यातील लष्करी हिशेबखात्यात नोकरी करणारे वासुदेव बळवंत फडके ह्यांनी तोच दुष्काळ पाहून १८७९ मध्ये हत्यार उचलले. अर्जाची वाट आणि शस्त्राची वाट, दोन्ही त्या उपाशी वर्षांतून निघाल्या.

यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. लोकांचे लक्ष वेधणारा प्रत्येक सोहळा कपटाने योजिलेला असतो असे मानणे हा भाबडेपणाच आहे. आणि तो निरुपद्रवी असतो असे मानणे हा त्याहून मोठा भाबडेपणा. प्रश्न विचारावयाचा तो एवढाच की, आज पहिल्या पानावर आहे ते घडत असता आतल्या पानावर काय चालले आहे? इतिहास शिकविणाऱ्याने निदान १८७७ चा दरबार आणि १८७७ चा दुष्काळ एकाच तासाला, फळ्याच्या एकाच बाजूला लिहावा. दोन नोंदी शेजारी आल्या म्हणजे विद्यार्थी पुढचे प्रश्न आपण होऊन विचारतात, आणि मग त्यांना उत्तरे देण्याची तयारी आम्ही शिक्षकांनी ठेवली पाहिजे.