‘कुठूनच नाही’ मंडळ

भगिनींनो, चूलही इतिहास घडविते. अमेरिकेच्या दक्षिणेत, माँटगोमेरी शहरी, बसगाडीत कृष्णवर्णीयांना वेगळे बसावे लागे. ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस त्यांनी बसवर बहिष्कार घातला. लोकांना कामावर पोहोचविणाऱ्या मोटारींच्या पेट्रोलाला पैसा हवा होता. तेव्हा जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीणबाईंनी शेजारणी जमविल्या. घरची तळलेली कोंबडी, रताळ्याचे गोड पदार्थ, केक विकून त्या सभेत पैसे देत. नोकऱ्या जाऊ नयेत म्हणून नावे गुप्त! पैसे कुठून आले? ‘कुठूनच नाही.’ तेच मंडळाचे नाव झाले.

गिल्मोरबाईंची नोकरी गेली. त्यांनी घरीच खाणावळ मांडली. डिसेंबर १९५६ मध्ये बसमधील भेद संपला. त्या अनाम सुगरणींसाठी मी स्मरणिकेतले हे पान राखले आहे.