एचआयव्ही : अहवाल 'निगेटिव्ह' असतानाही

नागपुरातील थॅलेसेमियाग्रस्त चार बालकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे मे २०२२ मध्ये उघडकीस आले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. या आजारात वारंवार रक्त चढवावे लागते आणि संसर्ग त्या रक्तातूनच झाल्याचा संशय व्यक्त झाला. तपासलेल्या रक्तातूनही लागण कशी होते, याचे उत्तर विषाणूच्या शरीरातील वाटचालीत आहे.

एचआयव्हीचे मुख्य लक्ष्य म्हणजे रक्तातील सीडी-४ पेशी. प्रतिकारशक्तीच्या फौजेला आदेश देणाऱ्या या पेशी. विषाणू त्यांत शिरतो, आपली जनुकीय माहिती पेशीच्या डीएनएत मिसळतो आणि पेशीकडूनच आपल्या प्रती तयार करवून घेतो. पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या प्रचंड वाढते. आतड्यांतील सीडी-४ पेशींचा मोठा संहारही याच काळात होतो. बाहेर दिसतो तो ताप, पुरळ, घसादुखी. साधा 'व्हायरल' समजून त्याकडे सहज दुर्लक्ष होते. केवळ प्रतिद्रव्ये शोधणाऱ्या चाचणीत मात्र साधारण तीन आठवडे ते तीन महिने काहीच आढळत नाही. हाच 'विंडो पीरियड'. विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या नॅट चाचणीने तो बराच आकसतो, तरी शून्य होत नाही. २०२२ साली रक्तपेढ्यांना ही चाचणी कायद्याने बंधनकारक नव्हती.

पुढचा टप्पा फसवा. उपचार नसल्यास प्रौढांत सरासरी आठ-दहा वर्षे विशेष लक्षणे दिसत नाहीत. बालकांत आजार पुष्कळदा वेगाने बळावतो. निरोगी प्रौढाच्या एका घनमिलीमीटर रक्तात ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. ही संख्या २०० च्या खाली गेली, की त्या अवस्थेस एड्स म्हणतात. भारतात या रुग्णांना सर्वाधिक गाठतो तो क्षयरोग, आणि तो २०० च्या आकड्याची वाट पाहत नाही.

पूर्वी सीडी-४ ठरावीक पातळीखाली गेल्यावरच एआरटी औषधे सुरू होत. २०१७ पासून निदान होताच ती देण्याचे धोरण आहे. नागपूरकर ज्याला नुसते 'मेडिकल' म्हणतात, त्या शासकीय रुग्णालयातील एआरटी केंद्रात ती मोफत मिळतात. औषधांनी रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी होतो आणि सीडी-४ पेशी पुन्हा वाढू लागतात. मात्र काही पेशींत तो सुप्तावस्थेत दडून राहतो. औषधे थांबवल्यास बहुतेकांत काही आठवड्यांतच तो रक्तात परततो.